चिंगीच्या पायाचं ऑपरेशन आधी संगणकावर झालं

आमची कुत्री चिंगी हिच्या पुढच्या डाव्या पायाचा पंजा बाहेर वळायला लागला तेव्हा ती अजून पिल्लातच जमा होती. त्याआधी केव्हातरी जिन्यावरून घसरून ती थोडी लंगडली होती. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, लंगडणं थांबलं आणि विषय संपला. हा प्रकार असाच मागाहून उघड होतो, असं सर्जन म्हणाल्या. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. अल्नाच्या खालच्या टोकाची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून लांब वाढतं तो कूर्चेचा थर, शंकूच्या आकाराची असते, त्यामुळे जोर कुठल्याही बाजूने आला तरी ती सरकत नाही, चेंगरते. चेंगरलेली प्लेट त्या दिवशीच्या एक्स-रेत सहसा कळत नाही. आणि अल्नाची 80 टक्क्यांच्या आसपास लांबी याच एका प्लेटमधून येते.

पुढचं सगळं त्यातून घडत गेलं. अल्नाची वाढ थांबली, रेडियसची चालू राहिली. आखूड अल्नाने धनुष्याच्या दोरीसारखं ताणून धरलं आणि रेडियस पुढे कमानीत वाकलं, मनगटाशी बाहेर झुकलं, शिवाय त्याला पीळही पडला. वाढ बरीच बाकी असेल तर अल्नाचा छोटा तुकडा काढून ही ओढ सोडवतात. चिंगीची वाढ संपत आली होती, म्हणजे आता हाड कापून सरळ करणं हाच मार्ग.

घोडं अडलं ते या पिळापाशी. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढून कोन मोजायचे ही जुनी पद्धत, आणि एकाच दिशेला वाकलेल्या हाडाला ती पुरते. पण पीळ असलेल्या हाडात कोपर सरळ समोर ठेवलं की मनगट तिरकं येतं, मनगट सरळ केलं की कोपर फिरतं. पाय जरासा इकडेतिकडे ठेवला की कोनाचा आकडा बदलतो. आमच्याकडचे वेगवेगळ्या दिवशीचे एक्स-रे शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या कुत्र्यांचे वाटले असते. म्हणून सीटी स्कॅन, म्हणजे पायाचे एकामागोमाग पातळ काप दाखवणारी एक्स-रे चित्रं.

सीटीला भूल लागते. माणसासारखं ‘हलू नका’ सांगून कुत्रं पडून राहत नाही. आधी रक्त तपासलं, उपाशी ठेवलं, मग दोन्ही पुढचे पाय लांब करून कोपराच्या वरपासून पंजापर्यंत एकदम स्कॅन. काप एक मिलिमीटरपेक्षा पातळ हवेत, असं सर्जननी आधीच सांगून ठेवलं होतं. जाड कापांतून बनवलेल्या हाडाचा पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा येतो आणि पुढचं काम बिघडतं.

त्या कापांमधून घनतेच्या आधारे हाड वेगळं काढतात आणि संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. सर्जननी ती माझ्यासमोर फिरवून दाखवली. हाड लांबीच्या दिशेने, वरून खाली पाहिलं की कोपराचा अक्ष आणि मनगटाचा अक्ष एकमेकांवर दिसतात आणि त्यांच्यातला कोन म्हणजे पीळ. चिंगीचा सुमारे 30 अंश निघाला. इतके दिवस आम्ही सगळे पाय ‘वाकडा’ म्हणत होतो, आणि त्रास मुख्यतः हाडाला पडलेल्या पिळाचा होता.

मला वाटलं, आता हाड सरळ करायचं. तसं नसतं. निरोगी रेडियसलाही थोडी कमान असते. लक्ष्य म्हणून सहसा दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पायाचं हाड घेतात, त्याची आरशातली प्रतिमा करून वाकड्या हाडावर ठेवतात. दुसरा पाय खरोखर चांगला आहे का, हे मात्र आधी पाहावं लागतं. दोन्ही पाय बिघडलेले असतील किंवा जातच मुळात आखूड-वाकड्या पायांची असेल तर ही तुलना फसवी ठरते. चिंगीचा उजवा पाय सुदैवाने ठीक होता.

नियोजनाचा सर्वात लांबलेला भाग म्हणजे कुठे कापायचं. भूमितीप्रमाणे जिथे वाक आहे तिथेच कापावं, पण तो बिंदू मनगटाच्या इतका जवळ आला की खालच्या तुकड्यात पुरेसे स्क्रू बसले नसते. मग काप थोडा वर सरकवला. त्याची किंमत अशी की कोन जुळला तरी दोन तुकडे एकमेकांपासून किंचित बाजूला सरकतात. किती सरकलेलं चालेल? पाचर काढून हाड मिटवलं तर पाय आणखी आखूड, उघडलं तर मध्ये फट राहते. यातलं काहीच संगणक ठरवत नाही. तो फक्त प्रत्येक पर्यायाचा परिणाम दाखवतो, आणि मला त्याचं खरं मोल तिथेच वाटलं. हे वाद ऑपरेशन टेबलावर, भूल चालू असताना व्हायचे ते आधीच होऊन गेले.

ठरलेल्या योजनेवरून थ्री-डी प्रिंटरवर गाइड छापले. हाडाच्या नेमक्या उंचसखलतेवर बसणारा साचा, त्यात करवतीसाठी खाच आणि पिनांसाठी भोकं. करवतीच्या पात्याची जाडीही हिशोबात धरलेली. पिना आधी तिरप्या जातात. कापल्यावर हाड फिरवून त्या समांतर आल्या की ठरवलेली दुरुस्ती झाली. सराव करायला हाडाची प्रतिकृतीही छापली आणि सरळ केलेल्या प्रतिकृतीवर हाड जोडायची धातूची प्लेट आधीच वाकवून ठेवली. सरावाचं हाड साध्या पीएलए प्लास्टिकचं चालतं. गाइडला ते चालत नाही, कारण पीएलए 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, 121 अंश असतात. त्यासाठी वेगळं रेझिन लागतं.

प्रत्यक्षात गाइड बसवायला हाडावरचा मऊ भाग जास्त सोलावा लागला, हे सर्जननी नंतर सांगितलं. गाइड नीट बसलाच नाही तर जुन्या पद्धतीने कापायची तयारीही त्यांनी ठेवली होती. हे ऐकून माझा विश्वास उलट वाढला. पुढे पट्टी, जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर, उड्या बंद, फक्त दोरी बांधून थोडं चालणं. हाड जुळलं की नाही हे पाहायचा एक्स-रे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढतात. चिंगीचा समाधानकारक आला. पंजा पुढे पडतो, पाय उजव्यापेक्षा थोडा आखूड आहे. तो फरक ती कोपर-खांदा जास्त ताणून भरून काढते. अल्ना आखूड राहिल्याने कोपराचा सांधा आधीच थोडा बिघडलेला होता. तो या ऑपरेशनने पूर्ववत होत नाही, आणि संधिवातावर लक्ष ठेवावं लागणार आहे.

प्रत्येक वाकड्या पायाला एवढं सगळं लागत नाही. वेळ जातो, खर्च वाढतो, सीटीची भूल वेगळी. वाढतं पिल्लू असेल तर स्कॅन आणि ऑपरेशन यांत जास्त अंतर पडल्यावर गाइड बसतही नाही. पण पीळ असेल तर मी सीटीचाच आग्रह धरेन. आणि स्कॅन झाल्यावर नुसती फिल्म किंवा फोनवर आलेले फोटो घेऊन निघू नका, मूळ डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनचा सगळा मूळ डेटा, मागून घ्या. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं ठरलं तर त्या फाइलशिवाय त्यांना काही मोजता येत नाही, आणि कुत्र्याला पुन्हा भूल द्यावी लागते.