हुसेनचे घोडे बघायला जाताय? भिंग सोबत ठेवा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये भरलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनच्या घोड्यांच्या प्रदर्शनाच्या फलकावर ‘मूळ कलाकृती’ असं ठसठशीत लिहिलंय. आत कॅनव्हास एकही नाही. तळमजल्यावर सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून शाई दाबून काढलेले छाप, वर चक्क छापखान्यातली ऑफसेट पोस्टरं. सेरिग्राफ काही हलकी गोष्ट नव्हे, पण ‘मूळ’ वाचून तैलरंगाचे थर बघायला येणारा चिडणारच.

ओळखायला दहापट भिंग पुरे. सेरिग्राफला रंगागणिक वेगळी जाळी लागते, म्हणून शाई सलग आणि जाडसर बसते. दोन रंग भेटतात तिथे एकाची कड दुसऱ्यावर चढलेली सापडते. ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके फुलासारखे गुंफलेले दिसतात. सेरिग्राफखाली पेन्सिलीने ४५/१०० असा, म्हणजे शंभरातली पंचेचाळिसावी प्रत सांगणारा, क्रमांक आणि सही हवी. सहीतही ठिपके दिसले, तर ती छापलेली. वर असलाच कागद ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून १८०० रुपयांना विकतात. एक रुपया देऊ नका.

खरा ताप वरच्या मजल्याचाच. दालनात डेझर्ट कूलर लावलेत. मे महिन्यात माणसाला बरं वाटतं, पण कागद दमट हवेतली ओल पितो आणि फुगतो. चारही कडा चिकटवून टाकल्यामुळे त्याला पसरायला जागा नाही. मग मधोमध लाटा उठतात. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी बिजागरीसारखी पट्टी लावून बाकीचा कागद मोकळा सोडला असता, तर हे टळलं असतं. त्यात साधी काच आणि समोर ट्यूबलाइट. पांढरा सदरा घातलात, तर घोड्यापेक्षा तुम्हीच जास्त दिसाल! गडद कपडे घाला, फ्रेमसमोरून हातभर बाजूला सरका. नाहीतर वर जाऊच नका, काही बुडत नाही.

तळमजल्याला मात्र तासभर द्या. आधी दहा फुटांवरून बघा: वळलेली मान, विचकलेले दात, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत एका दमात ओढलेली रेघ. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल घोडा आणि १९५२ च्या चीनवारीत पाहिलेले तांग काळातले मातीचे घोडे, दोन्ही त्या रेघेत आहेत. माहितीफलकावर नुसतं ‘जन्म पंढरपूर, १९१५’. बास.

नागपूर स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डी, तिथे ऑरेंज लाइन, पुढचंच झिरो माइल. ऑटोवाले एवढ्याचे दीडशे सांगतात. अकराच्या आत पोचा, बारानंतर झिरो माइलपासूनचा रस्ता उन्हात पायी चालण्यासारखा नाही.