समुद्रात मावळणारा सूर्य हवा होता, म्हणून केप मे: आईला घेऊन केलेल्या ट्रिपचा अनुभव

आई एप्रिलमध्ये अमेरिकेत आमच्याकडे आली सहा महिन्यांसाठी. आमचं गाव गुहागर, त्यामुळे तिला इथे आल्यावर पहिल्यांदा काय हवं असतं तर समुद्र. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, तिथून तासाभरात जर्सी शोअर, म्हणजे राज्याचा समुद्रकिनारा, गाठता येतो, तर मे महिन्यात एका रविवारी तिला घेऊन गेलो, बोर्डवॉकवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावर, बाकावर बसवलं, कॉफी दिली, म्हटलं आता छान सूर्यास्त बघ. ती बराच वेळ समोर बघत बसली आणि मग मागे वळून म्हणाली, "अगो, सूर्य तर तिकडे हॉटेलांच्या मागे चाललाय. हा समुद्र उलटा आहे."

आठ वर्षं राहतेय मी इथे, माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. न्यू जर्सीचा अटलांटिकचा जवळजवळ सगळा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, इथे सूर्य समुद्रातून वर येतो, समुद्रात बुडत नाही. आणि आईने आयुष्यभर रोज संध्याकाळी सुरूच्या बनातून जाऊन पाण्यात बुडणारा सूर्य बघितलाय. घरी येताना गाडीत गप्प होती ती. मी त्याच रात्री नकाशा उघडून बसले.

राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला केप मे आहे, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला डेलावेअर बे (उपसागर), आणि त्या बेच्या बाजूला पश्चिमेकडे तोंड केलेला एक किनारा आहे, त्याचं नावच सनसेट बीच. म्हणजे सकाळी समुद्रात सूर्य उगवताना आणि संध्याकाळी पाण्यात मावळताना, दोन्ही अगदी जवळजवळ. ठरलं.

पण ठरवणं सोपं आणि प्लॅन करणं अवघड, कारण आईचे दोन्ही गुडघे गेलेत. काठी घेऊन सपाट रस्त्यावर चालते, पण पायऱ्या आणि वाळू दोन्ही तिला जमत नाहीत. म्हणून हे सगळं लिहितेय, ज्यांचे आईवडील येतात त्यांना उपयोग होईल.

पहिला प्रश्न राहायचा. केप मे म्हणजे अमेरिकेतलं अगदी जुनं समुद्रकाठचं हवापालटाचं गाव, १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला आणि नंतर ती सुंदर लाकडी नक्षीची रंगीत व्हिक्टोरियन घरं उभी राहिली, आज ती इतकी टिकून आहेत की १९७६ मध्ये अख्ख्या गावालाच राष्ट्रीय ऐतिहासिक ठिकाणाचा दर्जा मिळाला. आता या घरांमध्ये गेस्टहाऊस आहेत, फोटो बघून जीव हरखतो, पण जुन्या लाकडी घराला उंच ओटा असतो आणि लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते. एका ठिकाणी मी फोनवर तीनदा विचारलं, तळमजल्यावरची खोली आहे ना, हो म्हणाले, ॲडव्हान्स भरला, आणि मग मला शंका आली म्हणून नकाशावर रस्त्यावरून घराचा फोटो बघितला तर दारापर्यंत सात पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला! कॅन्सल केलं तर अर्धेच पैसे परत मिळाले. तेव्हा "तळमजला आहे का" असं विचारू नका, "रस्त्यापासून पलंगापर्यंत किती पायऱ्या" असं विचारा. शेवटी बीच अव्हेन्यूवरच्या एका साध्या मोटेलमध्ये लिफ्ट मिळाली, दिसायला काहीच नाही पण खिडकीतून समुद्र. उन्हाळ्यात वीकेंडला बरेच जण किमान दोन-तीन रात्री घ्यायला लावतात, म्हणून आम्ही जूनमधला मंगळवार-बुधवार धरला. मुलाची दोन दिवस शाळा बुडवली, त्याचं मला वाईट वाटत नाही.

दुसरा प्रश्न वाळू. इथे केप मे गावाने जे केलंय ते मला फार आवडलं. त्यांच्याकडे बीचवर चालणाऱ्या व्हीलचेअर आहेत, फुग्यासारखी जाड चाकं असलेल्या, वाळूत रुतत नाहीत, आणि पैसे घेत नाहीत. लाइफगार्डच्या ऑफिसला आधी फोन करून सांगून ठेवायचं. ढकलायला मात्र आपलं माणूस लागतं, बसणाऱ्याला स्वतः चाकं फिरवता येत नाहीत.

आणि वाळूपर्यंत पोचायला प्रोमेनाड, म्हणजे किनाऱ्याने जाणारा चालायचा रस्ता. पूर्वी इथे लाकडी बोर्डवॉक होता, १९६२ च्या मार्चमधल्या वादळात तो उद्ध्वस्त झाला आणि मग पक्का रस्ता केला, फळ्यांच्या फटी नाहीत, काठी अडकत नाही. आई त्यावरून एकटी अर्धा मैल चालली.

बीच टॅगचं सांगते, कारण भारतातून आलेल्यांना हे पटतच नाही की समुद्रावर जायला तिकीट. जर्सीत बहुतेक गावांत उन्हाळ्यात ते लागतं, केप मेला १२ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला, दिवसभर. संध्याकाळी साडेपाचनंतर नाही. दर बदलत असतात, जायच्या आधी बघून घ्या. माझा मुलगा नऊचा, त्याला लागला नाही. आई म्हणाली "समुद्राला कसले पैसे", मी म्हटलं लाइफगार्डचे आणि सफाईचे, मग म्हणाली "बरं, सफाई चांगली आहे खरी." पार्किंग मीटरचं आहे, अ‍ॅप आधीच फोनमध्ये घालून ठेवा, उन्हात उभं राहून कार्ड नंबर भरत बसू नका.

भरती-ओहोटीसाठी मी नोआचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान खात्याचा, तक्ता काढला. आईने कालनिर्णय काढलं. आमच्याकडे तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात, येईल त्या वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, असं. तिचं उत्तर आणि तक्ता जुळेना, ती अस्वस्थ झाली, मग तिने चार दिवसांचे आकडे माझ्याकडून वहीत लिहून घेतले आणि म्हणाली, "वेळ वेगळी आहे पण सरकते तेवढीच, रोज पाऊण तास. चंद्र तोच ना." त्यानंतर ती तक्ता न बघता वेळ सांगायची, आणि दहा-पंधरा मिनिटांपलीकडे चुकली नाही.

पाण्यात उतरताना मात्र काळजी घ्या, हे मनापासून सांगते. १९११ मध्ये इथल्या खाडीच्या तोंडाशी दगडी धक्के पुरे झाले, त्याने वाहत येणारी वाळू अडली आणि किनारा खचत गेला, पाणी पार किनाऱ्याच्या संरक्षक भिंतीला लागलं, मग १९९० च्या दशकापासून समुद्रातून वाळू उपसून किनारा परत भरतात. त्यामुळे काठ एकदम उतरता आहे आणि लाट थेट काठावरच फुटते. मान-पाठीला जबर दुखापती होतात इथे. आमच्या लाइफगार्डने आधीच सांगितलं की खुर्ची ओल्या वाळूवरच थांबवा आणि लाटेकडे पाठ करू नका.

ओहोटी सकाळी होती, तेव्हाच नेलं. नवऱ्याने खुर्ची ढकलली, मी पुढून धरली. ओल्या वाळूवर थांबलो, आईने चपला काढून मांडीवर घेतल्या, पातळ पोटरीपर्यंत वर खोचलं आणि पाय खाली सोडले. लाटेचा फेस आला, घोट्यापर्यंत चढला, मागे जाताना तिच्या टाचांखालची वाळू ओढून घेऊन गेला. पाणी जूनमध्येही गारच असतं. ती काहीच बोलली नाही, मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. चार वर्षांनी तिचे पाय समुद्राला लागले, कारण गुहागरलाही आता तिला वाळूतून चालत जाता येत नाही आणि तिथे अशी खुर्ची नाही. मला रडू आलं.

दुपारी दडपे पोहे खाल्ले, गाडीत बसून, कारण सीगल हातातून ओढून नेतात. मग बाप-लेक १८५९ च्या दीपगृहाच्या १९९ पायऱ्या चढून आले आणि आम्ही दोघी काँग्रेस हॉलच्या उंच खांबांच्या व्हरांड्यात बसलो. १८१६ पासून तिथे हॉटेल आहे, आताची विटांची इमारत आगीनंतरची, आणि १८९१ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन तिथून कारभार करायचे. आईला वारा आवडला.

सनसेट बीचला साडेसातलाच पोचलो, जूनमध्ये सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो आणि गाड्या लवकर भरतात. तिथे टॅग नाही, पार्किंग फुकट, आणि गाडीपासून पाणी अगदी जवळ. खाली वाळूपेक्षा गोटेच जास्त, म्हणून घडीची खुर्ची गाडीजवळच मांडली. समोर पाण्यात काँक्रीटच्या जहाजाचा तुकडा दिसतो, अटलांटस, पहिल्या महायुद्धात पोलाद कमी पडलं म्हणून काँक्रीटची जहाजं बांधली त्यातलं, १९२६ मध्ये इथे रुतलं. आता जवळजवळ बुडालंय. मुलगा केप मे डायमंड वेचत होता, म्हणजे स्फटिकाचे गुळगुळीत खडे, डेलावेअर नदीतून वाहत येतात, ओले असताना खडीसाखरेसारखे दिसतात. आईने एक निवडून कनवटीला लावला.

सूर्य खाली आला तशी ती काठीवर उभी राहिली. लाल गोळा, पाण्याला टेकला, पसरला, पोट फुगल्यासारखा झाला आणि गेला. तिने हात जोडले. मग म्हणाली, माईला फोन लाव. माई म्हणजे माझी मावशी, गुहागरची. लावला व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे सहा वाजत आलेले, मावशी अंगणात झाडू घेऊन उभी, आभाळ ढगाळ पण नुकतं फटफटलेलं.

"माई, इथे बुडाला गो आत्ता," आई म्हणाली, "आता तुझ्याकडे येतोय."

"येऊ दे," मावशी म्हणाली, "चार दिवस दिसला नाहीये."