बंदुकीचा बार आणि अर्धा सेकंद

९ जून २०१९ रोजी पहाटे डर्बनमधील हॉटेलच्या खोलीत मी एका ताईंच्या टी-शर्टच्या गळ्याला आतून लेपल माइक चिकटवला आणि काडेपेटीएवढा रेकॉर्डर त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात खोचला. ताई साताऱ्याच्या, वय ४६, विमा कार्यालयात कारकून. यवतेश्वरच्या घाटात नुसत्या चालायला म्हणून जाऊ लागल्या आणि सहा वर्षांत कॉम्रेड्स मॅरेथॉनपर्यंत पोहोचल्या. नोकरी आणि संसार सांभाळून लांब पल्ल्याचे धावणाऱ्या माणसांवर आम्ही माहितीपट करत होतो व ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते.

पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली सुरू झालेली ही शर्यत त्या वर्षी चढाच्या दिशेने, म्हणजे डर्बनहून पीटरमॅरिट्झबर्गकडे होती. अंतर सुमारे ८७ किलोमीटर आणि मुदत बारा तास. मुदत संपताना एक पदाधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर पाऊलभर मागे राहिलेल्यालाही पदक मिळत नाही.

ध्वनिमुद्रकाला इथे कशाची वानवा नसते. त्या वर्षी शर्यत पहाटे साडेपाचला सुटली; सुटण्याआधी कोंबड्याची बांग ऐकवली जाते; मॅक्स ट्रिंबॉर्न या धावपटूने १९४८ मध्ये स्वतःच बांग दिली, तेव्हापासूनची ही प्रथा. वाटेत ‘बस’ भेटतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोहोचवणाऱ्या एखाद्या मुरलेल्या धावपटूमागे जमलेले घोळके. त्या म्होरक्याला ड्रायव्हरच म्हणतात. त्याच्या एका हाळीवर सगळे पळतात आणि दुसरीवर चालतात.

शर्यतीच्या शेवटाजवळच्या पॉली शॉर्ट्सच्या चढावर ताई दिसल्या तेव्हा बारा तासांची बस पुढे निघून गेली होती आणि त्यांचे घड्याळ बंद पडले होते. “दादा, किती वाजले?” त्यांनी मला विचारले. चित्रीकरण चालू असताना आपण बोलायचे नाही, हा नियम मी दिग्दर्शकापेक्षाही कडकपणे पाळत आलो होतो, त्यामुळे बूम, म्हणजे माइकचा लांब दांडा, धरून तसाच उभा राहिलो. शेजारून चाललेल्या एका धावपटूने आपले मनगट त्यांच्यापुढे धरले.

पीटरमॅरिट्झबर्गमधील स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सवर संध्याकाळी साडेपाचला अंधार पडला होता. मी अंतिम रेषेपाशी, बंदुकीपासून चार हातांवर होतो. बार झाला तेव्हा ताई यायच्या होत्या. आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “आता हा काढता का? मघापासून टोचतोय.” चिकटपट्टीखालची कातडी सोलवटून लाल झाली होती.

रात्री मी त्यांचा रेकॉर्डर ऐकला. घासत पडणारी पावले, गर्दीचा गलका, लांबून आलेला बार, दोन पावलांपुरता खंड, “झालं,” आणि पुन्हा तीच पावले, त्याच लयीत, रेषेपर्यंत.

पुढे मुंबईत संकलनाच्या वेळी अडचण आली. दोन्ही रेकॉर्डरांचा टाइमकोड, म्हणजे मुद्रणावर उमटणारी वेळ, मी पहाटेच जुळवला होता, तरीही ताईंच्या मुद्रणातला बार माझ्या मुद्रणातल्या बारापेक्षा अर्धा सेकंद उशिरा येत होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्या हिशेबाने बंदूक सुटली तेव्हा ताई १७० मीटरवर होत्या. संकलकाने ती सिंकची, म्हणजे दोन मुद्रणे जुळवण्यातली, चूक समजून दोन्ही बार एकावर एक आणून ठेवले होते. मी ते परत मूळ जागी न्यायला सांगितले.

“प्रेक्षकाला कळणार आहे का?” त्याने विचारले. बहुधा कळणार नव्हते. तरी तो अर्धा सेकंद मी हट्टाने ठेवून घेतला.