बाटली खाली ठेव

बी.एड.च्या आंतरवासितेतला, म्हणजे खऱ्या शाळेत शिकवायच्या सरावातला, माझा सर्वांत वाईट पाठ गोवंडीच्या एका शाळेत झाला, सहावीच्या वर्गावर. घटक नफा-तोटा. पाठ टाचण चार पानी, लाल शाईने अधोरेखित केलेलं. तक्त्याची सुरळी हार्बर लोकलच्या गर्दीत डोक्यावर धरून आणलेली. मागच्या बाकावर आमच्या मॅडम निरीक्षण वही उघडून बसल्या होत्या. पहिल्या बाकावरचा एक मुलगा पाण्याची बाटली सारखी बाकावर आपटत होता. मी जमेल तितक्या प्रेमळ आवाजात म्हटलं, “बाटली खाली ठेव.”

तो उठला. खिडकीपाशी गेला, झाकण काढलं आणि अख्खी बाटली गजांतून बाहेर ओतली. मग रिकामी बाटली आणून बाकावर ठेवली आणि आता पुढे काय, अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत बसला.

खाली पटांगणातून कुणीतरी बोंबललं. वर्ग हसून हसून आडवा. मी त्या पोराला तास संपेपर्यंत उभं केलं. मॅडमनी वहीत लिहिलं: ‘आशयज्ञान चांगले. वर्गनियंत्रण कमी.’

पोरगं जौनपूरकडच्या गावाहून दोन महिन्यांपूर्वी आलेलं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्या वर्गात माझं शब्दशः ऐकणारा तो एकटाच होता, हे मला कळलं संध्याकाळी, कुर्ल्याला गाडी बदलताना.

हे आज लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात एम.ए. शिक्षणशास्त्राचं प्रमाणपत्र पोस्टाने आलं. आईने ते देवापुढे ठेवलं आणि दोन दिवस तिथून हलवू दिलं नाही.

मी मुळात मास्तर नाही. बी.एस्सी. गणित करून मस्जिद बंदरच्या एका क्लिअरिंग एजंटकडे नऊ वर्षं शिपिंग बिलं आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे निर्यात-आयातीची कागदपत्रं, भरली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस आक्रसलं, त्यात मीही गेलो. घरात बसून सोसायटीतल्या पोरांना मोबाइलवर गणित शिकवायला लागलो. आई म्हणाली, “कधीपासून सांगतंय तुका, मास्तर हो.” बायकोने हिशेब मांडला: दोन वर्षं एका पगारावर. म्हणाली, जमेल, पण गणपतीला गावी जाताना कोकणकन्या नाही, लालपरी. जमलं.

नातेवाइकांना अजून वाटतं, बी.एड. म्हणजे एका वर्षाचं काम. २०१५ पासून ते दोन वर्षांचं आहे. शिवाय हजेरीची अट: तासांना ८० टक्के, आंतरवासितेला ९० टक्के. नोकरी सांभाळून बी.एड. करता येईल का, असं विचारणाऱ्यांनी हे दोन आकडे बघावेत. आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची. त्या काळात तुम्ही शाळेत अर्धे शिक्षक असता आणि अर्धे शिपाई. शाळेचं गॅदरिंग असेल तर पाऊण शिपाई.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एका वेळी एकच कौशल्य: आज विषयप्रवेश, उद्या फलकलेखन, परवा प्रश्न विचारणं. विद्यार्थी म्हणून समोर आपलेच वर्गमित्र. आमच्या वर्गात पुरुष मोजून सहा. बाकी सगळ्या बायका, त्यातल्या निम्म्या लेकुरवाळ्या. तर दोन मुलांची आई असलेली सदतीस वर्षांची बाई हात वर करून “सर, मला येतं, सर!” म्हणायची आणि मी तिला “शाब्बास, बाळा” म्हणायचो. प्रबलन, म्हणजे शाबासकी देण्याच्या कौशल्याचे गुण असतात ना. तेव्हा आम्ही हसायचो. त्यात एक गोम होती, ती मात्र कुणाच्या लक्षात आली नाही: त्या खोट्या वर्गातल्या प्रत्येकाला माझं मराठी समजत होतं.

घराघरांत भाषा वेगळी असलेल्या वर्गाला कसं शिकवायचं, यावर बी.एड.मध्ये काहीच नसतं असं नाही. ‘लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम’, म्हणजे सगळ्याच विषयांतली भाषा, नावाचा अर्धा पेपर असतो. आम्ही तो नोट्सवर काढला. बालशिक्षणाचं काम केलेल्या तारा मोडकांवर टीप लिहिली. कोसबाडच्या परिसरातली आदिवासी मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, ती कुरणशाळा. टिपेला पाचपैकी चार मिळाले. त्यानंतर वर्षभराने मी बाटलीवाल्या पोराला उभं केलं.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात शिक्षिका आहे. व्हिडिओ कॉलवर तिला ही बाटलीची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, आमच्याकडे घरी इंग्रजी न बोलणारी मुलं वर्गात असतील तर शिक्षकाकडे त्यासाठीची अधिकृत मान्यता असावी लागते, ती शिक्षक-परवान्यासोबतच येते. तिने परवाना आणि पदव्युत्तर पदवी एकाच अभ्यासक्रमात केली होती, विषय आंतरसांस्कृतिक शिक्षण. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. फोन ठेवल्यावर वाटलं, मुंबईच्या महापालिकेच्या शाळाच आठ माध्यमांच्या. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. आणि तरी एखाद्या वर्गात शिरून घरी काय बोलता विचारलं, तर भोजपुरी, अवधी, वडारांची वडारी, बंजाऱ्यांची गोरमाटी अशी उत्तरं येतात. आठांतली एकही नाही.

म्हणून एम.ए., दूरशिक्षणाने. इथे एक घोळ निस्तरतो, कारण मला निरोप येतात: एम.ए. शिक्षणशास्त्र आणि एम.एड. वेगळं. एम.एड.ला आधी बी.एड. वगैरे लागतं, ती व्यावसायिक पदवी. एम.ए. कुठल्याही पदवीवर करता येतं, पण ते बी.एड.ची जागा घेत नाही. नुसतं एम.ए. करून शाळेत शिक्षक म्हणून लागता येईल असा कुणी क्लासवाला सांगत असेल, तर फी भरू नका.

एम.ए.च्या पुस्तकांतलं बरंचसं मी विसरलोय. एक गोष्ट मात्र चिकटली. जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. नव्या भाषेत मूल साधारण दोन वर्षांत फर्डं बोलायला लागतं, पण त्याच भाषेत धडा समजून घ्यायला, उत्तर मांडायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हे वाचलं आणि आता ज्या मराठी शाळेत शिकवतो, तिथल्या माझ्या वर्गातले चार चेहरे समोर आले. मधल्या सुट्टीत मराठीत शिव्या देणारे, कबड्डीत मराठीत भांडणारे, आणि शाब्दिक उदाहरण आलं की मान खाली घालणारे. स्टाफरूममध्ये त्यांच्यावर एकमत होतं: “मराठी चांगलं येतं त्याला, आळशी आहे.” त्या एकमतात मीही होतो.

लघुप्रबंधासाठी मी माझ्याच सहावीच्या वर्गात दोन गोष्टी केल्या. पहिली, चित्र. माणसाची नुसती बाह्यरेषा काढलेला कागद आणि खडू. तुला येणाऱ्या भाषा या अंगात कुठे कुठे आहेत, त्या रंगव. बहुतेकांनी हृदयात हिंदी, डोक्यात इंग्रजी असं ठोकळेबाज केलं. सिनेमाचा परिणाम, दुसरं काय. एका मुलीने मात्र दोन्ही कान हिरवेगार रंगवले. विचारलं, हे काय? म्हणाली, “मराठी. सुनाई देती है, सर. मुँह में अभी आई नहीं.” आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने त्या माणसाला आधी सदरा घातला, सदऱ्याला खिसा काढला, आणि फक्त खिशाच्या आत तपकिरी रंग भरला. ती वडारी. खिशात का रे? “शाळेत काढायची नसते ना.”

मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार? मी भांडुपला वाढलो, घरात मालवणी. पहिलीत बाईंनी विचारलं, पेन्सिल कुणाला हवी, आणि मी उभा राहून मोठ्याने म्हणालो, “माका!” वर्ग हसला, बाईही हसल्या. वाईट नव्हत्या, पेन्सिल दिली त्यांनी. पण त्या दिवसापासून मालवणी उंबऱ्याच्या आत राहिली. इतकी की कॉलेजात मित्र घरी आले की मी आईला आधीच दटावायचो, नीट बोल. नीट! ही गोष्ट मी लघुप्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिली होती. मार्गदर्शकांनी ‘वैयक्तिक’ असा शेरा मारून काढायला लावली. म्हणून इथे लिहिली.

दुसरी गोष्ट, शब्द. गणिताच्या पुस्तकातली दहा उदाहरणं दिली आणि सांगितलं, जिथे अडाल त्या शब्दाला गोल करा. सोडवायचं नाही. मला वाटलं होतं, खरेदी किंमत, विक्री किंमत, शेकडा असल्या जड शब्दांना गोल येतील. त्यांना आलेच नाहीत. ते शब्द आम्ही घोकून घेतलेले असतात. गोल होते ‘पैकी’ला, ‘प्रत्येकी’ला, ‘उरलेले’ला. जे शब्द मी आयुष्यात कधी फळ्यावर लिहून समजावले नव्हते, कारण ते समजवायचे असतात हेच मला माहीत नव्हतं. एकाने तर ‘पैकी’च्या वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, पैसा? मग ४० आंब्यांपैकी १२ नासले, तर किती उरले, याचं उत्तर तो रुपयांत काढणार नाही तर काय!

आणि एका कागदावर ‘तोटा’ या शब्दाला गोल नव्हता. त्याच्या शेजारी पोपट काढला होता, चोच लाल. दुकानदाराला ५० रुपयांचा तोता झाला. ही तीच हिरव्या कानांची मुलगी. सोडवायचं नाही म्हटलं होतं, तरी तिने नफ्याची तीनही उदाहरणं बरोबर सोडवली होती.

त्यानंतर आम्ही भिंतीवर एक मोठा कागद लावला. एका बाजूला गणितातला शब्द, पुढे ज्याला त्याच्या घरी जे म्हणतात ते. तोटा: घाटा, नुकसान, आणि आणखी दोन जे मला लिहिता आले नाहीत म्हणून मुलांनी जमेल तसे लिहिले. वडारी शब्द यायला तीन आठवडे लागले. ‘उरलेले’पुढे मी मालवणीतलं ‘उरलला’ लिहिलं, तर पोरं म्हणाली, सर, ही चूक आहे. मी म्हटलं, माझ्या आईला सांगा.

नोकरीचं विचाराल तर अजून तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जितके तास तितके पैसे. मे महिन्यात शाळा बंद आणि मीही बंद. सीटीईटी ही पात्रता परीक्षा झाली, भरतीसाठीची टेट (टीएआयटी) झाली, आता शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल रोज उघडतो, लोक व्हॉट्सॲप उघडतात तसं. लागलोच कुठे तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना १६,००० मानधनावर. २०२३ पर्यंत ते ६,००० होतं, त्यामुळे सीनियर लोक आम्हाला नशीबवान म्हणतात. क्लिअरिंगच्या ऑफिसात मी २०१५ साली यापेक्षा जास्त कमवत होतो. बायको हे बोलून दाखवत नाही, पण तिला आकडा पाठ आहे.

भिंतीवरचा कागद या जूनमध्ये उतरवावा लागला. तपासणी होती आणि मराठी शाळेच्या भिंतीवर हे बरं दिसत नाही, असं वरून आलं. तोवर तोट्यापुढे कुणीतरी पोपट चिकटवला होता, खऱ्या पिसासकट. फेकवेना. वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय. गणिताच्या तासाला दार उघडं ठेवतो.