स्वयंपाकघर मोठं आहे, स्वयंपाकी नाही

शेतावरचं आमचं घर मी पाहुण्यांना राहायला भाड्याने देते. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, जेवणाचं कसं काय?" मी सांगते, जेवण आमच्याकडे नाही. मग, "म्हणजे काहीच नाही?" अहो, सगळंच आहे की. गॅस आहे, चूल आहे, परात आहे, दारात कढीपत्ता आहे. करून वाढायला मात्र कोणी नाही. निम्मे लोक इथंच फोन ठेवतात. उरलेले निम्मे माझे पाहुणे.

आमचं शेत खुलताबाद तालुक्यात, वेरूळच्या डोंगररांगेच्या मागच्या अंगाला, एका पाझर तलावाच्या वरच्या बाजूला. समोर पाणी, पाठीशी डोंगर, मधे आमची कपाशी आणि ज्वारी. घर बांधलं ते पोरं सुट्टीला आल्यावर पाय पसरून राहावीत म्हणून. पोरं येतात दिवाळीला, थोडीफार उन्हाळ्यात. बाकी वर्षभर कुलूप लावून भिंतींना ओल धरू देण्यापेक्षा कोणीतरी राहिलेलं बरं, म्हणून भाड्याने द्यायला सुरुवात केली. एका वेळी एकच कुटुंब, पूर्ण घर. तीन खोल्या, बैठक, लांब ओसरी, वर गच्ची. बारा माणसं आरामात मावतात, गाद्या टाकल्या की सोळा. भाडं घराचं आहे, माणशी घेत नाही. माणशी पैसे लावले की सगळ्यात आधी आजीचं नाव कटतं. "तिला कुठं झेपतंय" म्हणतात आणि तिला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून येतात.

जेवण का देत नाही, तर साधं कारण आहे. गावातल्या बाया दसऱ्यापासून कापूस वेचणीला लागतात. त्यांना वेचणी सोडवून तुमच्या पोळ्या लाटायला कोणत्या तोंडाने बोलावू? आणि चवीचं म्हणाल, तर परभणीचा माणूस माझं वरण फिक्कं म्हणणार, पुण्याचा तिखट म्हणणार. ज्याची चव त्याच्या हातात राहू द्यावी.

पण मग स्वयंपाकघर नावापुरतं ठेवून चालत नाही. भाड्याची घरं मी स्वतः पाहिलीत. पोहायचा हौद निळाशार, गच्चीत झोपाळा, आणि स्वयंपाकघरात दोन नॉनस्टिक तवे, एक बोथट सुरी, सहा कप. नॉनस्टिक तव्यावर भाकरी करून दाखवा बरं. माझ्याकडे लोखंडी तवे आहेत तीन, त्यातला एक एवढा मोठा की त्यावर दोन धपाटे शेजारी बसतात. लाकडी काटवट आहे, पितळेची परात आहे, दहा लिटरचा कुकर आणि पाच लिटरचा कुकर, भगोणी लहानापासून मोठ्यापर्यंत एकात एक घातलेली. पाटा-वरवंटा ओसरीच्या कोपऱ्यात. मिक्सर आहेच, पण ठेच्याला पाटाच लागतो हे मी सांगायची गरज नाही. गॅसला १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर, कारण घरगुती टाकी अशा धंद्याच्या कामाला लावता येत नाही. मीठ, हळद, तिखट, तेल, साखर, चहापत्ती डब्यात भरलेलं असतं. काडेपेटी आणि चहाची गाळणी या दोन वस्तू माणूस हमखास घरी विसरतो, म्हणून त्या जास्तीच्या ठेवल्यात.

ज्वारीचं पीठ मात्र आधी दळून ठेवत नाही. जुन्या पिठाची जिगट जाते, भाकरी थापताना कडेनं फाटते, आणि मग करणारीला वाटतं आपला हातच गेला. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी गिरणीतून दळून आणते. दूध शेजारच्या म्हशीचं. भाजी शेतात असेल ती: वांगी, मेथी, पावसाळ्यात तांदुळजा आणि अंबाडी. तोडायची तुम्हीच. शहरातल्या पोरांना वांग्याच्या देठाला काटे असतात हे इथं कळतं, ओरडून कळतं.

घर बांधताना आमच्या मिस्तरीशी माझं एकच मोठं भांडण झालं, ते स्वयंपाकघराच्या भिंतीवरून. त्याला ते मागे, वेगळं, दार लावून घेण्याजोगं करायचं होतं. "वास बैठकीत जातो, वैनी." जाऊ दे की. ती भिंत मी होऊ दिली नाही. ओटा बैठकीकडे उघडा आहे, खिडकीतून तलाव दिसतो. डोंगर-पाणी बघायला म्हणून आलेली बाई तीन दिवस टाइल्सकडे तोंड करून उभी राहणार असेल तर ती कशाला आली?

हा मुद्दा मला फार लागतो. स्वतः करून खायचं घर म्हटलं की पुरुषांना वाटतं किती मोकळं, किती स्वस्त. बायांच्या पोटात गोळा येतो. घरीही तेच, इथंही तेच, वर परक्या भांड्यांत. म्हणून बुकिंगचा फोन पुरुषाचा असला की मी विचारते, "स्वयंपाक कोण करणार?" काही जण हसतात. एकाने म्हटलं, "मंडळी आहेत ना." मी म्हटलं, मग एकदा मंडळींना फोन द्या. मंडळींनी फोन घेतला आणि पहिलं विचारलं ते भांडी घासायला कोण येतं. येते, आमच्या गावातली एक जण सकाळ-संध्याकाळ येते, तिचे पैसे भाड्यातच धरलेत. पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं.

आणि एक गोष्ट मी इतक्या पाहुण्यांवरून पाहिली आहे की आता पैज लावायला तयार आहे: गॅसपाशी पुरुष फिरकत नाहीत, चुलीपाशी बोलावल्याशिवाय येतात. अंगणात कडुलिंबाखाली दोन तोंडांची चूल आहे. शेजारी बसायला दगडी कट्टा, वर दिवा, बाजूला फोडलेली लाकडं. संध्याकाळ झाली की कोणीतरी दादा नाहीतर भाऊजी उठतोच, "आज मटन मी करणार." मग कांदा कोणी चिरायचा, येसर, म्हणजे रश्श्याचा भाजून दळलेला मसाला, कोणाच्या घरचा चांगला, पाणी आधणाचं टाकायचं की गार, यावर तासभर चर्चा. रस्सा कधीकधी रात्री दहाला होतो. पण तोवर बाया ओसरीवर पाय लांब करून बसलेल्या असतात, आणि मला तेवढंच पाहिजे असतं. चूल मागच्या अंगणात न घालता पुढे घातली ती याच हिशोबाने. मागे घातली असती तर पुन्हा बायाच तिथं गेल्या असत्या.

आता तलावाचं. "लेक व्ह्यू आहे ना?" असं विचारणाऱ्याला मी त्याच आठवड्यात काढलेला फोटो पाठवते, ऑगस्टमधला नाही. मराठवाड्यात वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही जून ते सप्टेंबरात आणि परतीचा असला तर थोडा पुढे. आमच्यासारख्या लहान तलावात दिवाळीपर्यंत पाणी काठोकाठ, संक्रांतीनंतर ते मागे सरकायला लागतं, आणि मे महिन्यात तिथं भेगाळलेली जमीन असते. त्या दिवसांत ट्रॅक्टर येऊन गाळ उपसून शेतात नेतात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना तीच. पोरं तलावात क्रिकेट खेळतात. मे मधलं भाडं म्हणून कमी आहे. ज्याला पाणी बघायचं त्याने ऑगस्ट ते डिसेंबर यावं. ज्याला रात्री गच्चीवर झोपून चांदण्या बघायच्या त्याने उन्हाळ्यात यावं, पावसाळ्यात ढगाशिवाय काही दिसत नाही.

पाझर तलावाला कालवा नसतो. पाणी अडवायचं आणि जिरू द्यायचं, एवढंच त्याचं काम. ते खाली झिरपत जातं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. वरून कोरडा दिसला तरी बांधाखालच्या आमच्या विहिरीला एप्रिलमध्येही पाणी असतं ते त्यामुळे. पाइपलाइनने तेच पाणी घरात येतं. तरी न्हाणीघरात शॉवर नाही, बादली आहे. काहींना ते खटकतं. खटकू दे.

पोहायला मात्र सक्त मनाई. बांध घालताना तलावाच्या पोटातलाच मुरूम खणून वापरलेला असतो. त्या खाणी पाण्याखाली तशाच आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्याइतक्या खोलात जातो, आणि खाली गाळ असा की पाय सुटत नाही. भाड्याचे पैसे परत देईन, पण पाण्यात उतरू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हा बांध १९७२ च्या दुष्काळी कामांवर घातलेला. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यावर पाट्या वाहायला होत्या. तेव्हा त्या नव्या नवरी. मागच्या हिवाळ्यात परभणीकडचं एक कुटुंब आलं होतं: तीन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, आणि सोबत त्यांची आई. ती म्हातारी आल्या आल्या बांधाकडे बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, ह्यो बहात्तरचा हाय ना?" कशावरून ओळखलं विचारलं, तर म्हणे बांधाच्या उतारावर बसवलेली दगडाची पिचिंग बघून. तिनंही तिच्या गावाकडं असाच बांध घातला होता. मग काय, मी आत्याबाईंना बोलावून आणलं. दोघी दुपारभर ओसरीवर. कामावर खायला मिळायची ती कोरडी सुकडी, अमेरिकेची तांबडी ज्वारी म्हणजे मिलो, त्याची भाकरी कशी घशाखाली उतरायची नाही, मुकादम पाटी मोजताना कसा लबाडी करायचा. एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची.

तिची नात हिंजवडीत नोकरीला. ती मोबाइल समोर धरून आजीला म्हणत होती, "आज्जी, परत सांग ना, सुकडी म्हणजे काय?" आजी म्हणाली, "आधी भाकरी थाप, मग सांगते." पोरीनं थापली. पहिली भाकरी भारताच्या नकाशासारखी झाली. आजीनं काही न बोलता ती दुधात कुस्करून स्वतःच खाल्ली आणि दुसरा गोळा पुढे सरकवला.

फिरायचं म्हणाल तर त्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण बाकीची माहिती सगळीकडे मिळते. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात. हे माहीत नसल्याने किती गाड्या फाटकावरून माघारी येतात! ३४ लेणी एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका. १६ नंबरचं कैलास सकाळी लवकर, ऊन्ह चढायच्या आत बघा आणि आधी बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघा; वरून खाली खोदत आले म्हणजे काय ते तेव्हा डोक्यात शिरतं. खुलताबादला भद्रा मारुती आहे, निजलेला. श्रावणी शनिवारी संभाजीनगर शहरातून माणसं रात्रभर चालत येतात, रस्ता भरून वाहतो, त्या दिवशी गाडी काढू नका, चालायचं असेल तर चाला. मलिक अंबरची कबरही खुलताबादलाच आहे, तिकडे फारसं कोणी जात नाही. म्हैसमाळला, म्हणजे इथल्या थंड हवेच्या डोंगरावर, पावसाळ्यातल्या रविवारी जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, मधल्या वारी जा. सुलीभंजनला दत्ताचं ठाणं आहे, एकनाथ महाराजांनी तिथं तप केलं असं मानतात. तिथून संध्याकाळी आमच्या बाजूचे डोंगर एकामागे एक दिसतात. परतताना दौलताबादच्या रस्त्यावर सीझन असेल तर सीताफळं घ्या, पण कडक घ्या, दोन दिवसांनी घरी जाऊन पिकतात.

आता हुरड्याचं, कारण फोन सुरू झालेत. यंदा परतीच्या पावसानं वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उशिरा झाला, म्हणून सुरती ज्वारी उशिरा पेरली. दाणा हिरवट, दुधाळ भरायला संक्रांत उलटून जाईल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हुरडा मागणाऱ्यांना मी नाही म्हणतेय. शहराजवळ तुम्हाला तो मिळेलही, पण कुठला तरी आणलेला. आमच्याकडे आगटीत गोवऱ्या मी पेटवून देईन, कणसं तुमची तुम्ही भाजायची, चोळायची. लसणाची आणि जवसाची चटणी मी वाटून ठेवीन, दही विरजून ठेवीन. एवढा एक अपवाद. बाकी भाकरीला पीठ किती लागेल ते माणसं मोजून आदल्या दिवशी कळवा, गिरणी सकाळी नऊपर्यंतच चालू असते, नंतर लाइट जाते.