फुजिएदा आलं की लावायची गाणी

दर मंगळवारी मला ऑफिसच्या कामासाठी जपानमधल्या हामामात्सुहून शिझुओकाला जावं लागतं. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्ध्या तासात पोचता येतं, पण मी तोकाइदो लाइनची साधी गाडी घेते. सव्वा तास लागतो. काकेगावाच्या पुढे टेकड्यांवर चहाचे मळे सुरू होतात, कानाया सोडलं की ओइ नदीचा लांबच लांब पूल येतो, मग शिमादा आणि थोड्याच वेळात फुजिएदा. तिथे मी कानात स्पिट्झ लावते. हा गेल्या तीन वर्षांचा नेम आहे.

स्पिट्झ हा जपानचा रॉक बँड. त्याचा गिटारवादक मिवा तेत्सुया आणि बेसवादक तामुरा आकिहिरो हे दोघं या फुजिएदाचे. गाणी लिहिणारा आणि गाणारा कुसानो मासामुने फुकुओकाचा, ड्रमवर साकियामा तात्सुओ. 1987 साली टोकियोत शिकत असताना हे चौघं एकत्र आले आणि आजही तेच चौघं वाजवतात. एकही माणूस बदललेला नाही. बँडच्या नावाचा जर्मनमध्ये अर्थ ‘टोकदार’. आपल्याला मात्र आधी तो पांढराशुभ्र, सतत भुंकणारा कुत्रा आठवतो.

मला ही गाणी दिली आमच्या सेनसेईंनी, म्हणजे जपानीच्या बाईंनी. इथे येऊन चार महिने झाले होते आणि कंपनीतलं कुणी काय बोलतंय ते अजिबात कळत नव्हतं. पुण्यात जपानीची परीक्षा पास होऊन आले होते, कांजी म्हणजे जपानीतली चित्राक्षरं वाचता येत होती, पण कान तयार नव्हता. मग शनिवारच्या फुकट वर्गाला जायला लागले. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, निवृत्त, हौसेने शिकवायच्या. एकदा ‘हाझु’ हा शब्द शिकवताना त्यांनी सरळ एक गाणं लावलं: ‘सोरा मो तोबेरु हाझु’.

पुस्तकात ‘हाझु’चा अर्थ ‘असायला हवं’ असा दिला होता आणि तो काही डोक्यात बसत नव्हता. गाणं ऐकताना एकदम लक्षात आलं की हे आपलं ‘असणार’ आहे. ‘दिवा चालू आहे म्हणजे ती घरी असणार’ म्हणतो ना, तसं. नुसती आशा नव्हे, हाताशी काहीतरी कारण असलेली खात्री. म्हणजे शीर्षक मराठीत असं होईल: ‘आकाशातसुद्धा उडता येणार’. तू भेटलीस, म्हणून येणार. हे गाणं आलं 1994 साली, पण घराघरांत पोचलं 1996 मध्ये, ‘हाकुसेन नागाशी’ या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत झालं तेव्हा. ते नाव हिदा-ताकायामाच्या एका शाळेतल्या प्रथेचं आहे. तिथे शाळा संपताना मुलं टोप्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि मुलींचे स्कार्फ एकमेकांना बांधून नदीत सोडतात. आजही मार्चमधल्या निरोप समारंभांत कितीतरी शाळांतली मुलं हे गाणं कोरसमध्ये म्हणतात. जपानी शिकायला लागलेल्या कुणालाही मी पहिलं हेच गाणं ऐकायला सांगते. शब्द सुटे सुटे ऐकू येतात, कुसानो एकही अक्षर गिळत नाही.

दुसरं ‘रॉबिन्सन’. एप्रिल 1995. याच्या सीडीच्या 16 लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला बँड देशभर झाला. गाण्यात रॉबिन्सन हा शब्द कुठेही नाही! कुसानो थायलंडला फिरायला गेला होता, तिथे रॉबिन्सन नावाचं मोठं दुकान दिसलं, ते नाव चाल बांधताना तात्पुरतं ठेवलं आणि तेच राहिलं. सुरुवातीला मिवा गिटारच्या तारा एकेक करून छेडतो, ते नुसतं वाजलं तरी इथली चाळिशी-पन्नाशीतली माणसं बोलता बोलता थांबतात. मी हे ऑफिसच्या सहलीत बसमध्ये पाहिलंय. शब्द अगदी साधे आहेत: नवा ऋतू, सायकल, नदीकाठचा रस्ता. आणि धृपदात एकदम दोन माणसं अंतराळात! ही उडी मला फार आवडते. जमिनीवरचं सगळं इतकं नेमकं सांगितलेलं असतं, की पुढची उडी खोटी वाटत नाही.

‘चेरी’ 1996 चं. गिटार शिकणारी जपानी मुलं सुरुवातीला जी गाणी बसवतात त्यांत हे असतंच. कॉर्ड सोपे आहेत, फक्त एफ कॉर्डला बोटं दुखतात. कराओकेला गेलात तर मात्र जपून. कुसानोचा आवाज इतका उंच आहे की आमच्या ऑफिसातले पुरुष यंत्रावर दोन-तीन पट्ट्या खाली उतरूनच सुरुवात करतात. मी मूळ पट्टीत गायले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत लोक माझ्याशी आपणहून बोलायला लागले.

हळवी गाणी नको असतील, दणका हवा असेल तर ‘8823’ ऐका. याचा उच्चार ‘हायाबुसा’. जपानीत आकड्यांचे उच्चार जोडून शब्द तयार करायची पद्धत आहे, दुकानांचे फोन नंबरसुद्धा असे लक्षात ठेवतात. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. आपल्याकडे हायाबुसा म्हटलं की बाइक आठवते, आणि ती बनवणाऱ्या सुझुकीचं मुख्यालय आमच्या हामामात्सुतच आहे. हे गाणं 2000 सालच्या ‘हायाबुसा’ याच नावाच्या अल्बममधलं. मंचावर हे सुरू झालं की तामुरा बेस घेऊन सैरावैरा धावत सुटतो. पक्ष्यांची या बँडला आवडच दिसते, 1991 मध्ये आलेलं त्यांचं पहिलं सिंगल ‘हिबारी नो कोकोरो’, म्हणजे ‘चंडोलाचं मन’.

मुलांना ‘डिटेक्टिव्ह कॉनान’ या जपानी कार्टूनचं वेड असेल तर 2023 च्या चित्रपटातलं ‘उत्सुकुशिइ हिरे’ त्यांना पाठ असेलच. ते या चौघांचंच.

आणि ‘काएदे’. 1998. काएदे म्हणजे मेपल, शरद ऋतूत लाल होणारं झाड. हाही शब्द गाण्यात येत नाही. पियानोवर संथ सुरू होतं आणि धृपदाचा पहिलाच शब्द आहे ‘सायोनारा’.

भारतात सगळ्यांना एकच जपानी शब्द माहीत असतो, तो हा. इथे आल्यावर कळलं की मोठी माणसं एकमेकांना रोज सायोनारा म्हणत नाहीत. ऑफिसातून निघताना वेगळं म्हणतात, मैत्रिणीला ‘माता ने’, म्हणजे ‘पुन्हा भेटू’. घरातून निघताना ‘इत्ते किमासु’, शब्दशः ‘जाऊन येते’. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला साताऱ्याचा आमचा उंबरठा आठवला. ‘जाते’ म्हटलं की आजी रागवायची, ‘येते म्हण’. विमानतळावर निघाले त्या दिवशी आईने हातावर दही ठेवलं आणि मी ‘येते गं’ एवढंच म्हणाले. सायोनारा हा शब्द आपण जो तोंडातून काढत नाही त्या ‘जाते’सारखा आहे. कुसानो तो धृपदाच्या तोंडाशीच लावतो. माणूस गेलंय की नातं संपलंय ते गाणं सांगत नाही. त्या व्यक्तीचा आवाज कवटाळून पुढे चालायचं, इतकंच.

गेल्या मार्चमध्ये सेनसेई मुलीकडे साप्पोरोला राहायला गेल्या, कायमच्या. आम्ही वर्गातले सहाजण हामामात्सु स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. मी रात्रभर नीट वाक्य तयार केलं होतं, आदरार्थी क्रियापदं वगैरे लावून. फाटकाशी त्यांनी तिकीट हातात घेतलं तेव्हा ते सगळं विसरले आणि तोंडातून निघालं ‘इत्तेराश्शाइ’. घरातलं माणूस बाहेर निघालं की मागे राहणाऱ्याने म्हणायचं ते, ‘जाऊन या’. त्या थांबल्या. मागे वळून, वर्गात म्हणायच्या तशी प्रत्येक अक्षर सुटं करत ‘इत्ते किमासु’ म्हणाल्या, आणि बॅग ओढत आत गेल्या.