ऑफिसातून सीपॅनेल उघडेना

जेवणाच्या सुट्टीत माझ्या साइटचा एक ईमेल पत्ता वाढवायचा होता. साइट झटकन उघडली, सीपॅनेल (होस्टिंगचं नियंत्रण पॅनेल, जिथून ईमेल पत्ते वगैरे सांभाळतात) मात्र नुसतं गोल फिरत राहिलं आणि शेवटी 'टाइम आउट'. होस्टिंगवाले म्हणाले, "आमच्याकडे तर चालतंय." चालणारच! अडवणूक त्यांच्याकडे नव्हतीच.

साधी वेबसाइट ८० किंवा ४४३ पोर्टवरून येते; पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार. सीपॅनेल बसतं २०८३ वर, वेबमेल (ब्राउझरमधून मेल वाचायची सोय) २०९६ वर. कंपनीची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा अडवणारी यंत्रणा, बहुधा ८० आणि ४४३ सोडून बाहेर जाणारं बाकी सगळं बंद ठेवते. डोमेनपुढे '/cpanel' लिहूनही बरेचदा उपयोग होत नाही, कारण तो पत्ता तुम्हाला पुन्हा २०८३ वरच नेऊन सोडतो.

माझं काम झालं ते सबडोमेनने. डोमेनच्या आधी 'cpanel.' लावलं की तेच पॅनेल ४४३ वरून मिळतं, वेबमेलसाठी 'webmail.'. होस्टने ही सोय चालू ठेवलेली असावी लागते. तुमचा डीएनएस (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं याची नोंदवही) दुसरीकडे असेल तर त्या नावाचा ए रेकॉर्ड, म्हणजे नावापुढे सर्व्हरचा आयपी पत्ता देणारी नोंद, स्वतः टाकावा लागतो. माझा तसाच होता, म्हणून रेकॉर्ड टाकून तो लागू होईपर्यंत, संध्याकाळपर्यंत थांबलो.

व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल (फायरवॉलला वळसा घालणाऱ्या आडवाटा) सुचवणारे पुष्कळ भेटतील. ऑफिसच्या मशीनवर मी ते करणार नाही. आयटीवाल्यांना विचारून २०८३ उघडून घेणं सरळ, नाहीतर आपल्या फोनचं इंटरनेट आहेच.